शाळा सुटल्यानंतरची चाळीस वर्षे

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील ३१वे कलम चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या प्रत्येक मुलाला सहा ते अठरा या वयात मोफत शिक्षणाचा हक्क देते. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता (ऑटिझम) किंवा सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसणे) असलेल्या मुलांना हा हक्क प्रत्यक्षात कितपत मिळतो हा वादाचा विषय आहे. तरीही सांगली, मिरज, सातारा, कराड अशा शहरांतून विशेष शाळा चालतात, समग्र शिक्षा या सरकारी योजनेचे विशेष शिक्षक तालुक्यांतून फिरतात, आणि २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांतून व शाळांतून मुलांची तपासणी करतात. व्यवस्था तोकडी आहे, पण आहे. अठरावे वर्ष पूर्ण झाले की ती एकाएकी संपते. बारा वर्षे रोज सकाळी आवरून, डबा घेऊन गाडीची वाट पाहणारा मुलगा एका जून महिन्यापासून घरी राहतो आणि बहुतेक वेळा कायमचाच घरी राहतो. त्याच्यासाठी काही करायचे असेल, तर प्रत्येक तालुक्यात अशा प्रौढांना रोज जाता येईल असे एक केंद्र उभे करावे आणि त्याचा खर्च स्थानिक स्वराज्य संस्थांनी दिव्यांगांसाठी राखून ठेवायच्या पाच टक्के निधीतून करावा, असे माझे म्हणणे आहे. हा निधी आज मार्चअखेरीस धनादेशांच्या रूपाने वाटून संपवला जातो. तो तसा वाटला जाऊ नये, हाही या म्हणण्याचाच भाग आहे.

प्रश्न नवा का वाटतो, हे आधी पाहिले पाहिजे. चार दशकांपूर्वी डाउन सिंड्रोम, म्हणजे बौद्धिक वाढ मर्यादित ठेवणारी जन्मजात स्थिती, असलेल्या व्यक्तीचे सरासरी आयुष्य पाश्चात्त्य देशांतही पंचवीस वर्षांच्या आसपास होते. आज तिथे ते साठीला पोहोचले आहे. जन्मजात हृदयदोषांवर लहानपणीच होणाऱ्या शस्त्रक्रिया, प्रतिजैविके आणि घराबाहेर पडून मिळालेले शिक्षण यांचा हा परिणाम आहे. आपल्याकडे हे अंतर तितके मोठे नसेल, पण दिशा तीच आहे, आणि वैद्यकीय सोयींच्या बाबतीत आपला सांगली-साताऱ्याचा भाग मागासलेलाही नाही. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल सुरू केल्यापासून मिरजेला कर्नाटकातूनही रुग्ण येत आले आहेत. ज्या मुलांच्या आईवडिलांना पूर्वी ‘फार दिवस काढणार नाही’ असे सांगितले जाई, ती मुले आता चाळिशी-पन्नाशी गाठतात आणि आईवडील सत्तरी ओलांडतात. ‘आमच्यानंतर याचं काय?’ हा प्रश्न पालकांच्या प्रत्येक बैठकीत निघतो. मात्र आईवडील हयात असतानाची, सुटलेली शाळा आणि आईचे म्हातारपण यांच्यामधली जी वीस-तीस वर्षे असतात, त्यांच्याविषयी कोणी फारसे विचारत नाही. त्या वर्षांत मूल जे शिकले होते ते विसरत जाते. शर्टाची बटणे लावणे, पैसे मोजणे, अनोळखी माणसाशी दोन शब्द बोलणे ही कौशल्ये वापरात राहिली तरच टिकतात. शाळेवर खर्च झालेला सरकारचा पैसा आणि आईचे कष्ट असे दोन्ही त्या घराच्या ओसरीवर वाया जातात.

कायद्याच्या भाषेतच या विसंगतीचे मूळ सापडते. शिक्षणाचे कलम हक्काची भाषा बोलते. सामाजिक सुरक्षेचे २४वे आणि पुनर्वसनाचे २७वे कलम मात्र शासनाने आणि स्थानिक प्राधिकरणांनी आपल्या ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ योजना कराव्यात असे सांगते. मूल अठरा वर्षांचे होताच त्याचा हक्क सरकारच्या ऐपतीवर जाऊन बसतो. पाचवे कलम तर त्याला समाजात राहण्याचा आणि त्यासाठी लागणाऱ्या सेवा घराजवळ मिळण्याचा हक्क देते. पण या सेवा कोणी, कुठे आणि कोणत्या पैशातून द्यायच्या याची जबाबदारी एका निश्चित कार्यालयावर न टाकल्यामुळे ती कोणाचीच राहत नाही. राज्याने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग स्थापन केला, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु मंत्रालयातला विभाग आणि जत तालुक्यातल्या उमदीतले घर यांच्यामध्ये जिल्हा परिषद आणि पंचायत समिती असते, आणि सांगली व सातारा या दोन्ही जिल्हा परिषदांची मुदत २०२२ मध्ये संपल्यानंतर काही वर्षे तिथे लोकनियुक्त सदस्य नव्हते, प्रशासक होते. ज्यांना मते मागायला गावात यायचे नसते, त्यांच्याकडून पाच टक्के निधीचा नवा विचार होण्याची अपेक्षा करणेही चुकीचे होते.

आज अशा प्रौढाला जिल्ह्यातून काय मिळते? सिव्हिलमधून टक्केवारीचा दाखला आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे ओळखपत्र, मिळते. उत्पन्नाच्या अटीत बसत असेल तर संजय गांधी निराधार अनुदान मिळते. दिव्यांगांसाठी ही रक्कम दरमहा १,५०० रुपयांवरून २,५०० रुपये करण्याचा निर्णय राज्याने २०२५ मध्ये घेतला. राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय ही एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजना आहे, पण ती माहीत असलेले पालक शहरातच जास्त. एसटीच्या भाड्यात ७५ टक्के सवलत आहे आणि दिव्यांगत्व गंभीर असेल तर सोबतच्या माणसालाही सवलत आहे. सवलतीची तरतूद करणाऱ्याने हा प्रवासी कुठे निघाला असेल याचाही विचार केला असता तर बरे झाले असते, कारण जाण्यासारखे ठिकाण नसलेल्या माणसाला तिकीट स्वस्त पडून उपयोग नसतो. सरकारी नोकऱ्यांत चार टक्के आरक्षण आहे. त्यातला एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सर्वांत मिळून आहे. पदासाठी लागणारी शैक्षणिक अर्हता आणि स्पर्धा परीक्षा पाहता त्यातली एखादी जागा मध्यम स्वरूपाची बौद्धिक अक्षमता असलेल्या तरुणापर्यंत पोहोचणे जवळजवळ अशक्य आहे. पैसा, कार्ड, सवलत आणि आरक्षण या चारही गोष्टी व्यक्तीच्या नावावर जमा होतात. तिच्या दिवसाचे काय होते, याच्याशी त्यातल्या एकीचाही संबंध नाही.

अनुदान बंद करा असे मी म्हणत नाही. गरीब घरात अडीच हजार रुपयांना मोल आहे, आणि ते वेळेवर मिळण्यासाठी पालकांना तहसील कार्यालयात जे हेलपाटे घालावे लागतात ते थांबलेच पाहिजेत. ग्रामपंचायतीच्या पाच टक्के निधीची गोष्ट मात्र वेगळी आहे. ग्रामपंचायतींसह सर्व स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नाच्या पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते; पूर्वी हे प्रमाण तीन टक्के होते. शासनाच्या सूचनांत वैयक्तिक लाभाबरोबर सामूहिक लाभाच्या कामांनाही वाव आहे. तरी बहुतेक गावांत होते ते असे: फेब्रुवारीत कोणीतरी दिव्यांग संघटनेचा कार्यकर्ता निधी अखर्चित असल्याची तक्रार करतो, ग्रामसेवक यादी काढतो, एकूण रकमेला नावांच्या संख्येने भागले जाते, आणि प्रत्येकाच्या वाट्याला हजार-दोन हजारांचा धनादेश येतो. अर्धे बोट गमावलेल्या माणसाला आणि अंथरुणाला खिळलेल्या तरुणीला रक्कम सारखीच मिळते. या वाटपात भांडण होत नाही, लेखापरीक्षणात आक्षेप निघत नाही, फोटोही चांगला येतो. संघटनांनाही तेच सोयीचे वाटते, हे लिहिताना मला संकोच वाटत नाही. संघटनांचे नेतृत्व प्रामुख्याने अस्थिव्यंग आणि अंध कार्यकर्त्यांकडे आहे, आणि त्यांनी लढून मिळवलेल्या गोष्टी मोठ्या आहेत. पण ज्याला स्वतःचे म्हणणे सभेत मांडता येत नाही, त्याची गरज हजार रुपयांच्या धनादेशात कुठेच येत नाही, आणि त्याची आई सभेला येऊ शकत नाही, कारण तिने आले तर त्याच्यापाशी थांबणारे दुसरे कोणी नसते.

दुसऱ्या राज्याचे उदाहरण देताना आपली माणसे लगेच म्हणतात की तिकडची गोष्ट वेगळी. तरीही केरळचे उदाहरण इथे टाळता येत नाही, कारण ते सरकारी उदारतेचे नसून ग्रामपंचायतींच्या कामाचे आहे. तिथे २००४ मध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यातल्या वेंगानूर इथे ‘बड्स’ नावाची पहिली शाळा सुरू झाली. ती चालवली ग्रामपंचायतीने, आणि तिला आधार होता कुडुंबश्री या महिला बचत गटांच्या जाळ्याचा. पुढे अठरा वर्षांवरील व्यक्तींसाठी वेगळी बड्स पुनर्वसन केंद्रे निघाली. आज दोन्ही मिळून राज्यात अशा तीनशेहून अधिक संस्था आहेत. जागा पंचायत देते, शिक्षक आणि मदतनीस यांचे मानधन पंचायत आणि राज्य यांच्या निधीतून निघते, दुपारचे जेवण तिथेच होते, आणि केंद्रात तयार झालेल्या वस्तू बचत गटांच्या बाजारात विकल्या जातात. केंद्रांचा दर्जा सगळीकडे सारखा नाही आणि प्रशिक्षित माणसांची टंचाई तिथेही आहे. पण तिथल्या आईला मुलासाठी राजधानीत जाऊन राहावे लागत नाही, ही या रचनेची खरी कमाई आहे. कुडुंबश्रीच्या धर्तीवर आपल्याकडे २०११ पासून ‘उमेद’ अभियान आहे. गावोगाव बचत गट आहेत, त्यांचे ग्रामसंघ आणि प्रभागसंघ आहेत, लेखे ठेवणाऱ्या बायका आहेत. सांगाडा तयार असताना त्याला हे काम कधी सांगितलेच गेले नाही.

पैशाचा हिशेब साधा आहे. समजा एखाद्या तालुक्यात साठ ग्रामपंचायती आहेत आणि त्यांचे स्वउत्पन्न सरासरी आठ लाख रुपये आहे. पाच टक्क्यांनी प्रत्येकीचे चाळीस हजार आणि सगळ्यांचे मिळून वर्षाला चोवीस लाख रुपये होतात. तीस जणांच्या केंद्राला दोन प्रशिक्षित विशेष शिक्षक आणि तीन मदतनीस लागतील. शिक्षकाला पंचवीस हजार आणि मदतनीसाला बारा हजार रुपये धरले तर मानधनाचे वर्षाला सव्वादहा लाखांच्या आसपास होतात. गाडीला महिन्याला पन्नास हजार धरले तर सहा लाख, आणि दुपारच्या जेवणाला माणशी चाळीस रुपयांप्रमाणे अडीचशे दिवसांचे तीन लाख होतात. एकूण खर्च वीस लाखांच्या आत राहतो आणि चारेक लाख रुपये इतर प्रकारच्या दिव्यांगांच्या तातडीच्या गरजांसाठी उरतात. हा अंदाज माझा आहे आणि प्रत्येक तालुक्यात तो बदलेल. वाळवा किंवा कराड तालुक्यातल्या, कारखाना हद्दीत असलेल्या ग्रामपंचायतीचे उत्पन्न आणि जत तालुक्याच्या पूर्व भागातल्या ग्रामपंचायतीचे उत्पन्न यांची तुलनाच होऊ शकत नाही. म्हणून जिल्हा परिषदेने आपल्या पाच टक्क्यांतून दुबळ्या तालुक्यांना भर घातली पाहिजे. निम्मा निधी तालुक्याच्या केंद्राला आणि निम्मा गावाच्या हातात, अशी विभागणी केली तरी काम सुरू होऊ शकते. गाडीचा खर्च मात्र कमी करू नये. केंद्र चांगले असून गाडी नसेल तर बसस्थानकाजवळ राहणारी दहा मुले येतील आणि बाकीच्यांची नावे फक्त हजेरीपटावर राहतील.

जत तालुक्याचा पूर्व भाग सांगलीपासून शंभर किलोमीटरहून दूर आहे. तिथल्या पालकाला जिल्ह्याच्या गावी असलेली सोय ही सोयच नव्हे. टक्केवारीच्या दाखल्यासाठी, बुद्ध्यंक चाचणीसाठी, पुन्हा तपासणीसाठी तो मुलाला घेऊन पहाटेच्या गाडीने निघतो. गर्दीने आणि आवाजाने बिथरणाऱ्या मुलाबरोबर हा प्रवास काय असतो, हे ज्याने केला त्यालाच माहीत. सातारा जिल्ह्यात माणचे दुष्काळी पठार आणि पाटणचे डोंगर यांची अडचण वेगवेगळी आहे, आणि महाबळेश्वर तालुक्यात कोयनेच्या जलाशयापलीकडच्या कांदाटी खोऱ्यात तर तालुक्याचे केंद्रसुद्धा कामाचे नाही. तिथे आठवड्यातून एकदा घरी जाणारा कार्यकर्ता हाच उपाय आहे. तो विशेष शिक्षकच असला पाहिजे असे नाही. आईला दोन-चार गोष्टी दाखवून देणारी, औषध चालू आहे का पाहणारी, फिट येण्याचे प्रमाण वाढले तर कळवणारी प्रशिक्षित आशा सेविकाही ते करू शकेल, मात्र त्यासाठी तिला वेगळा मोबदला मिळाला पाहिजे. आशा सेविकेच्या गळ्यात आणखी एक फुकट काम अडकवण्याची सूचना मी करत नाही.

केंद्रात दिवसभर करायचे काय? इथे चर्चा हटकून रोजगाराकडे वळते, आणि वळलीही पाहिजे, कारण आपल्या भागात अशा हातांना झेपतील अशी कामे खरोखर आहेत. तासगाव-कवठे महांकाळ पट्ट्यात बेदाण्याची निवड आणि प्रतवारी हाताने होते. द्राक्षाच्या हंगामात पुठ्ठ्याची खोकी उभी करावी लागतात. ऊस आणि भाजीपाल्याच्या रोपवाटिकांत पिशव्या आणि ट्रे भरण्याचे काम महिनोन्‌महिने चालते. सांगलीच्या पेठेत हळद पूड पाकिटांत भरली जाते. वाई-महाबळेश्वर भागात स्ट्रॉबेरीच्या खोक्यांवर लेबले लावावी लागतात. एकच कृती पुन्हा पुन्हा, त्याच क्रमाने करण्यात ज्याला कंटाळा येत नाही, उलट आधार वाटतो, अशा स्वमग्न तरुणाचे काम इतरांपेक्षा अधिक निर्दोष असू शकते. पण काम तुकड्यांत पाडून, प्रत्येक तुकडा चित्रावरून किंवा नमुन्यावरून समजावून देणारे माणूस सुरुवातीचे काही महिने त्याच्या शेजारी असले पाहिजे. हे माणूस मालक देणार नाही. ते केंद्राने द्यायचे आहे. मजुरीचा दरही आधीच ठरला पाहिजे. बौद्धिक अक्षमता असलेल्याला ‘खर्चाला शंभर रुपये’ देऊन दिवसभर राबवून घेण्याची चाल आपल्या गावांतून आजही आहे; गोठ्यात, हॉटेलात, विटभट्टीवर अशी माणसे दिसतात आणि त्यांना सांभाळणारा पुण्यवान ठरतो. केंद्रातून काम मिळाले तर मोजमाप, मजुरी आणि खाते या तिन्हींची नोंद राहील, हा त्याचा मोठा फायदा आहे.

तरीही केंद्राची किंमत रोजगारावरून ठरवण्याला माझा विरोध आहे. तीव्र अक्षमता असलेली, स्वतः जेवू न शकणारी व्यक्ती कधीच मजुरी कमावणार नाही, आणि ‘किती जण कमावते झाले’ हे यशाचे माप ठरले की केंद्र चालवणारे पहिल्याच वर्षी अशांना दारातून परत पाठवतील. विशेष शाळांतूनही हे घडते. शिकण्याजोग्या मुलांना जागा मिळते आणि ज्यांना सर्वाधिक गरज आहे ती ‘आमच्याकडे सोय नाही’ या उत्तरावर परत जातात. तीव्र अक्षमता असलेल्यांसाठी किमान एक तृतीयांश जागा राखण्याची अट करारातच घातली पाहिजे. त्यांच्या दिवसात फिजिओथेरपी असेल, गाणे असेल, अंगणात बसणे असेल, समवयस्कांची संगत असेल. त्यांच्या आईला सकाळी दहा ते चार मोकळे मिळतील. ती शेतात जाईल, शिवणकाम करेल किंवा झोपेल. ती काय करते याचा अहवाल कोणी मागू नये.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काले इथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि ‘कमवा आणि शिका’ हे सूत्र साताऱ्याच्या मातीत रुजवले. ज्या मुलांना शाळेची दारे बंद होती, त्यांच्यासाठी शिक्षण गावापर्यंत नेण्याची ती चळवळ होती. तिचा वारसा सांगणाऱ्या या दोन जिल्ह्यांत महाविद्यालये, वसतिगृहे, साखर कारखाने, दूध संघ, पतसंस्था यांचे जाळे पसरले. आणि या जाळ्यातून बौद्धिक अक्षमता असलेला प्रौढ तेवढा गळून गेला. सहकारी संस्थांना निव्वळ नफ्यातून सार्वजनिक आणि धर्मादाय कामासाठी रक्कम देता येते. ती जाते कुठे? मंदिराच्या सभामंडपाला, व्याख्यानमालेला, कुस्तीच्या मैदानाला. यांतले काहीच वाईट नाही. पण दूध संघाची गाडी रोज पहाटे प्रत्येक वाडीवर जाते आणि ऊस वाहतुकीचे नियोजन गावनिहाय कोष्टकात बसवलेले असते. तालुक्यातल्या तीस घरांपर्यंत एक गाडी रोज पाठवण्याचे नियोजन ज्यांना जमणार नाही असे या संस्थांत कोणी नसावे. कारखान्याने एखादी रिकामी इमारत दिली, दूध संघाने दुपारचे दूध दिले आणि पतसंस्थेने केंद्राच्या मालाचे हिशेब सांभाळले, तर पाच टक्के निधीवरचा भार हलका होईल.

या मांडणीवर पहिला आक्षेप कुटुंबाच्या नावाने येतो. आपल्याकडे एकत्र कुटुंब आहे, भाऊ-भावजय बघतात, परक्यांच्या हाती का द्यायचे, असे विचारले जाते. विटा, खानापूर, आटपाडी भागातली घरे पाहावीत. गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, धंद्यासाठी तिथली पिढ्यान्‌पिढ्यांची तरुण मंडळी केरळपासून पंजाबपर्यंत पांगलेली आहेत. गावाकडच्या मोठ्या, पक्क्या घरात म्हातारे आईवडील आणि हा एक मुलगा एवढीच माणसे असतात. भाऊ पैसे पाठवतो, आणि मनापासून पाठवतो. पण त्याला आंघोळ घालायला तो येऊ शकत नाही. इतर तालुक्यांत पुण्या-मुंबईने हेच केले आहे. एकत्र कुटुंबाचा हवाला देणारे बहुधा पुरुष असतात आणि ‘कुटुंब बघते’ या वाक्यातले कुटुंब म्हणजे एक बाई असते, हेही नमूद केले पाहिजे. शिवाय केंद्र कुटुंबाच्या जागी येत नाही. संध्याकाळी पाचला माणूस घरीच परततो, आणि दिवसाचा भार वाटला गेल्यामुळे ते घर त्याला अधिक काळ सांभाळू शकते.

मुलींच्या बाबतीत पालकांची भीती अधिक खोल आहे आणि ती खोटी ठरवता येत नाही. १९९४ मध्ये पुण्यात निवासी संस्थेतील बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलींची गर्भाशये काढण्याच्या शस्त्रक्रिया झाल्या तेव्हा राज्यभर वादळ उठले; त्यांची मासिक पाळी सांभाळणे कठीण जाते, हे कारण तेव्हा उघडपणे दिले गेले. पनवेलजवळच्या एका संस्थेतले लैंगिक अत्याचार २०११ मध्ये बाहेर आले आणि २०१३ मध्ये न्यायालयाने दोषींना शिक्षा दिल्या. या दोन्ही घटना निवासी संस्थांतल्या आहेत, म्हणजे जिथे रात्री दार बंद होते आणि बाहेरचे कोणी पाहत नाही अशा ठिकाणच्या. रोज घरी परतणाऱ्या मुलीच्या बाबतीत आईचे डोळे रोज तिच्यावर पडतात, हे दिवसाच्या केंद्राचे मोठे संरक्षण आहे. तेवढ्यावर विसंबून मात्र चालणार नाही. गाडीत महिला मदतनीस हवी, व्यवस्थापन समितीत निम्म्याहून अधिक पालक आणि त्यांतही आया हव्यात, पोलीस पडताळणी झाल्याशिवाय कोणाची नेमणूक होऊ नये, आणि स्वतःचे शरीर, पाळी, नको असलेला स्पर्श यांविषयी शिकवणे हा केंद्राच्या रोजच्या कामाचा भाग असावा. मुलींना घरातच ठेवले तर त्या सुरक्षित राहतात, हा समज तर नोंदवले न गेलेल्या गुन्ह्यांवर उभा आहे.

दुसरा आक्षेप पालकांकडूनच येतो आणि तो मला अधिक अस्वस्थ करतो. ते म्हणतात, दिवसाचे केंद्र घेऊन आम्ही काय करू, आम्हाला कायमचे निवासी हवे. सत्तरीतल्या विधवा आईला दुसरे काय सांगायचे? निवासाची गरज खरी आहे, आणि राष्ट्रीय न्यासाच्या घरौंदा योजनेत प्रौढांसाठी निवासाची कल्पना आहेही. पण शंभर-दोनशे जणांचे वसतिगृह जिल्ह्याच्या टोकाला बांधणे हा मार्ग वर सांगितलेल्या घटनांकडेच जातो. सहा-आठ जणांची, गावातली, नेहमीच्या गल्लीतली घरे हवीत, आणि अशी घरे चालवणारी माणसे आकाशातून पडत नाहीत. ती दिवसाच्या केंद्रातच तयार होतात. जिथे वीस वर्षे रोज जाणे-येणे आहे, जिथल्या ताई त्याला कशाने राग येतो आणि काय आवडते हे जाणतात, तिथूनच आईच्या मृत्यूनंतरचे घर उभे राहू शकते. आधी केंद्र आणि मग निवास, हा क्रम मी त्यासाठी धरतो. मधल्या काळात आईला दवाखान्यात दाखल व्हावे लागले किंवा घरात लग्न निघाले, तर आठ-पंधरा दिवस रात्रीही थांबता येईल अशा चार खाटा केंद्रात असल्या, तरी अनेक घरांचा जीव भांड्यात पडेल.

पालकत्वाचा कायदेशीर प्रश्न थोडक्यात सांगतो, कारण तो माहीत नसल्यामुळे अनेकांची गैरसोय होते. मूल अठरा वर्षांचे झाले की आईवडील आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समिती पालक नेमते. बँकेचे खाते, वारसाची नोंद, विम्याचा दावा यांपैकी काही अडले की पालकांना हे कळते. तालुक्याच्या केंद्रातूनच हे अर्ज भरून घेतले गेले आणि समितीने वर्षातून दोनदा तालुक्याच्या गावी बैठक घेतली, तर जिल्ह्याच्या फेऱ्या वाचतील. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, पालक नेमताना त्या व्यक्तीला काय हवे हेही विचारले जाईल, कारण तिला ओळखणारे लोक तिथे हजर असतील.

सुरुवात कुठून करायची हे ठरवणे अवघड नाही. २०११च्या जनगणनेत देशात बौद्धिक अक्षमता असलेल्या सुमारे पंधरा लाख व्यक्ती नोंदल्या गेल्या. तेव्हा कायद्याने सातच प्रकारचे दिव्यांगत्व मानले होते. आता ती संख्या एकवीस आहे आणि स्वमग्नता त्यात आली आहे. तालुक्याला उपयोगी पडेल अशी यादी जनगणनेतून मिळत नाही. ती संजय गांधी योजनेच्या नोंदी, यूडीआयडीची माहिती आणि आशा सेविकांचे घरोघरचे ज्ञान एकत्र केल्यावर महिनाभरात होईल. त्यात नाव, वय, दिव्यांगत्वाचा प्रकार, किती मदत लागते, घरात सांभाळणारे कोण आणि त्यांचे वय काय, एवढे रकाने पुरेत. सांभाळणाऱ्याचे वय हा रकाना आज कोणत्याच सरकारी नोंदीत ठळकपणे नाही, आणि कोणत्या घराला आधी जागा द्यायची ते ठरवायला नेमका तोच लागतो. दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभांपासून पुढच्या वर्षाच्या ग्रामपंचायत विकास आराखड्याची तयारी सुरू होते. प्रत्येक ग्रामसभेने पाच टक्क्यांतला निम्मा हिस्सा तालुक्याच्या केंद्राला देण्याचा ठराव करावा आणि गटविकास अधिकाऱ्यांनी त्या ठरावांवरून प्रभागसंघाशी किंवा अनुभवी संस्थेशी तीन वर्षांचा करार करावा. सांगली जिल्ह्यात दहा आणि साताऱ्यात अकरा तालुके आहेत. एकवीसही ठिकाणी एकदम काम उभे करण्याचा आग्रह धरू नये. जत आणि पाटण हे दोन तालुके आधी घ्यावेत. शहराजवळच्या तालुक्यात ते यशस्वी झाले तर त्याचे श्रेय शहराच्या सोयींना जाईल आणि बाकीच्या तालुक्यांना आपली वाट पाहण्याची मुदत वाढवून मिळेल.